मावशी, गुडघ्याचं ‘ग्रीस’ चालण्यानं संपत नाही

मावशीकडे गेले तर ती पलंगावर, पाय उशीवर. बारा दिवसांपासून त्रिमूर्तीनगरच्या बागेतली फेरी बंद, मंदिर बंद. का म्हणून विचारलं, तर मोबाइलच पुढे केला. “चालून चालूनच ग्रीस संपून राहिलं म्हणे. वाच तू.”

मेसेज असा: गुडघ्यातलं ग्रीस संपलं की दुखतं, म्हणून चालणं पूर्ण बंद करा; संत्री, दही खाऊ नका; थंडीनं झीज वाढते; आणि आमचं चूर्ण एकवीस दिवस घ्या, ग्रीस परत येईल. एकट्या मावशीला तो चार जणींनी पाठवलाय. मला राग आलाय तो यामुळे.

सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, एवढं खरं. पण तो डब्यात भरून ठेवलेला साठा नव्हे. सांध्याचं अस्तर तो सतत तयार करत असतं. हाडांच्या टोकांवर कूर्चा म्हणजे गुळगुळीत, लवचीक आवरण असतं; तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण याच द्रवातून होतं, आणि पायावर भार पडला, सुटला की तो तिच्यात आत-बाहेर होतो. चालणं बंद केलं की हेच मंदावतं. शिवाय मांडीचा स्नायू ढिला पडतो आणि त्याच्या वाट्याचा भार गुडघ्यावर येतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातावरच्या 54 चाचण्या तपासल्या होत्या: व्यायामानं दुखणं कमी होतं, हालचाल सुधारते, आणि व्यायामाचा कार्यक्रम संपल्यावरही फायदा काही महिने टिकतो.

मग मावशीचा गुडघा उसळला कशानं? दिवाळीच्या सफाईत तिनं तीन दिवस उकिडवं बसून फरशा घासल्या. ते कोणी विचारलंच नाही, दोष गेला रोजच्या फेरीवर.

विश्रांतीचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे मान्य करते. सूज असेल तेव्हा एक-दोन दिवस जिने, उकिडवं बसणं, लांबची फेरी कमी करावी. गुडघा गरम लागत असेल तर कापडातून बर्फ, नुसता आखडला असेल तर गरम शेक. पण तेव्हाही पलंगावर पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, पाच मोजायचे, सोडायची. मात्र ताप आला, गुडघा लाल झाला किंवा पायावर भारच देता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर.

संत्र्यांनी हा संधिवात वाढतो याला काही आधार नाही. आंबिया बहाराची संत्री बाजारात आलीत, खा. थंडीत सांधे जास्त आखडल्यासारखे वाटतात खरे, पण म्हणून झीज वाढते असं नाही.

चूर्णाची मात्र मला भीती वाटते. मावशीला शुगर आहे. 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ‘आर्ट्री किंग’ नावाच्या सांधेदुखीच्या गोळ्यांबद्दल इशारा दिला होता. लेबलवर वनस्पती, आत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. अशा भेसळीनं दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणूनच लोक फसतात. इकडे शुगर चढत राहते. कोणी असलं काही महिनोन्‌महिने घेत असेल तर स्वतःच्या मनानं एकदम बंदही करू नये, डबा घेऊन डॉक्टरांकडे जावं.

मावशीकडचा चूर्णाचा डबा अजून उघडलेला नव्हता, मी घेऊन आले. काल ती काठी धरून फाटकापर्यंत दोनदा जाऊन आली. सकाळी फोन केला, दुखणं वाढलं नाही म्हणाली. आज तीनदा जाणार आहे.