जॉप्लिनचा हात त्या रोलमध्ये शोधू नका

गेल्या आठवड्यात एका संगीतप्रेमी ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत आला. जुन्या स्वयंचलित पियानोत भोकं पाडलेला कागद सरकतोय, पट्ट्या आपोआप खाली-वर होतायत आणि वर लिहिलंय : ‘मेपल लीफ रॅग, खुद्द स्कॉट जॉप्लिनच्या हातचं, १९१६.’ जॉप्लिन म्हणजे रॅगटाइम या अमेरिकी पियानोसंगीताचा नामवंत कृष्णवर्णीय संगीतकार आणि मेपल लीफ हे त्याचं गाजलेलं रॅग, म्हणजे त्या शैलीतली रचना. व्हिडिओखाली प्रतिक्रियांची रांग. डावा हात अडखळतोय, लय डळमळतेय, एवढं नाव आणि वाजवणं असं? वाचून मला फार वाईट वाटलं. ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

तो रोल, म्हणजे वादकाने दाबलेल्या पट्ट्यांप्रमाणे भोकं पाडलेला तो कागद, खरा आहे. जॉप्लिनने १९१६ साली सात रोल केले, सहा कॉनोराइज्ड कंपनीसाठी आणि एक एओलियनसाठी. त्याच्या वादनाचा जगात एवढाच पुरावा. तबकडी एकही नाही, मेणाचा सिलिंडर एकही नाही. पण १९१६ सालचा जॉप्लिन म्हणजे सिफिलिसने पोखरलेला माणूस. रोग मेंदूपर्यंत पोचलेला, बोटं ताब्यात राहत नव्हती. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्याला न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं आणि १ एप्रिल १९१७ला तिथेच तो गेला. पन्नाशीही गाठली नव्हती.

शिवाय रोल म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. कागदावर भोक कुठे पडलं एवढंच त्यात राहतं. बोट किती जोरात पडलं, कुठे हलकेच सोडलं, हे साध्या रोलमध्ये उतरत नाही. कागद किती वेगाने सोडायचा तेही नंतर रोल चालवणाऱ्याच्या हातात. वर विक्रीला काढण्याआधी कारखान्यात भोकं सरकवून चुका दुरुस्त करायचे, कुठे जादा सूर भरायचे. म्हणून हे सात रोल एकमेकांसारखे वाटत नाहीत. काही घासूनपुसून सरळ केलेले, एखादा थरथरता. त्यावरून जॉप्लिन कसा वाजवायचा हे ठरवणं म्हणजे एखाद्या गवयाच्या अखेरच्या आजारपणातल्या फोनवरच्या आवाजावरून त्याच्या मैफिलीचा हिशेब मांडणं.

मग उमेदीच्या काळात त्याला कुणी रेकॉर्ड का केलं नाही? मला खरं तर याच प्रश्नावर लिहायचंय.

जॉप्लिनचे वडील गुलामगिरीतून सुटलेले. आई लोकांच्या घरी कामं करायची आणि ती राबत असताना हा पोरगा त्या घरातल्या पियानोवर बसायचा. टेक्सार्कानात ज्युलियस वाइस नावाच्या जर्मन शिक्षकाने त्याला फुकट शिकवलं. पुढे मिसुरीतल्या सिडेलिया या रेल्वेच्या गावात त्याचा जम बसला. तिथल्या मेपल लीफ क्लबचं नाव मिरवणाऱ्या रॅगसाठी १० ऑगस्ट १८९९ रोजी त्याने जॉन स्टार्क या वाद्यांच्या दुकानदाराशी करार केला. नोटेशनची प्रत कमीत कमी २५ सेंटला, त्यातला एक सेंट संगीतकाराचा. आज हे ऐकून राग येतो, पण त्या काळी बहुतेक प्रकाशक रचना एकरकमी विकत घेऊन मोकळे व्हायचे, कृष्णवर्णीयाची तर नक्कीच. एक सेंट का होईना, दर प्रतीमागे हक्काने मिळणं ही मोठी गोष्ट होती. पहिल्या ४०० प्रती खपायला वर्ष लागलं. दहा वर्षांत आकडा पाच लाखांच्या आसपास गेला.

म्हणजे १९०० नंतर अमेरिकेत घराघरांत त्याचं संगीत वाजत होतं. त्याच वर्षांत रेकॉर्ड कंपन्याही जोरात होत्या. पण त्यांचं यंत्र बघा. मायक्रोफोन नाही, वीज नाही. समोर एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली मेण. कर्ण्यात जे जोरात आणि टोकदार शिरेल तेच मेणावर उमटायचं. बँजो छान उमटायचा. पितळी वाद्यं, झायलोफोनही. पियानो मात्र डब्यातून आल्यासारखा यायचा. त्याची मागची फळी काढून, त्याला लाकडी चौथऱ्यावर चढवून कर्ण्याच्या तोंडाशी न्यायचे, तरी खालचे सूर विरून जायचे. आणि रॅगटाइमचा जीवच खालच्या सुरांत! डावा हात ठेका धरतो : खालचा एक सूर, मग वरचा स्वरसमूह, पुन्हा खालचा, पुन्हा वरचा. त्यावर उजवा हात मात्रेच्या अलीकडे-पलीकडे खेळतो. ठेकाच ऐकू आला नाही तर उजवा हात कुणाला चकवतोय ते कळणार कसं?

त्यामुळे तबकड्यांवर रॅगटाइम आलं ते बहुतेक दुसऱ्याच वाद्यांवर. मेपल लीफ रॅगचं आज हाती असलेलं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण १९०६चं, अमेरिकन मरीन बँडचं. पुढच्याच वर्षी व्हेस ऑसमनने ते बँजोवर वाजवलं. ऑसमनचा हात विलक्षण साफ आहे, जरूर ऐका. पण पियानोसाठी लिहिलेली चीज जगाने आधी बँड आणि बँजोवर ऐकली आणि रॅगटाइम म्हणजे धांगडधिंगा हा समज पक्का झाला.

यंत्रापुढे कृष्णवर्णीय अजिबात नव्हते असंही नाही. १८९०च्या सुमारास जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सनची रेकॉर्डं धडाधड विकली जात होती. तो शिट्टी वाजवायचा आणि तालात हसायचा. तेव्हा एका सिलिंडरवरून भरपूर प्रती काढायची सोय नव्हती, म्हणून तेच हसणं दिवसभर पुन्हा पुन्हा हसायचं. गोऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्याकडून तेवढंच हवं होतं.

(एक आठवलं म्हणून सांगते. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण करणारा फ्रेड गाइसबर्ग मूळचा याच दुनियेतला. वॉशिंग्टनमध्ये तो रेकॉर्ड कंपनीत गायकांना पियानोची साथ करायचा. कर्ण्यासमोर पियानोची काय दैना होते हे त्याने स्वतः भोगलं होतं.)

पैशांचं तर विचारूच नका. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पियानो रोल ही रचनेची ‘प्रत’ नव्हे, त्यामुळे रोल बनवणाऱ्याने संगीतकाराला काही देणं लागत नाही. १९०९च्या कायद्याने ते बदललं, प्रत्येक तबकडी-रोलमागे दोन सेंट आले. पण कायदा लागू झाल्यानंतर प्रसिद्ध होणाऱ्या रचनांनाच! १८९९चं मेपल लीफ रॅग बाहेर राहिलं. शेवटी स्वतःच्याच हाताने केलेल्या त्या रोललाही हा हक्क नव्हता. दरम्यान १९११ साली त्याने ‘ट्रीमोनिशा’ या ऑपेराची २३० पानी संहिता पदरचे पैसे घालून छापली होती. १९१५मध्ये हार्लेममध्ये ती एकदाच झाली, नेपथ्य नाही, वाद्यवृंद नाही, पियानोवर तो एकटा. त्याच्या कबरीवर नावाचा दगड लागायला १९७४ उजाडलं.

तर मग जॉप्लिन ऐकायचा कुठे? मी पंचवीस वर्षं पेटी वाजवते, माझं उत्तर सरळ आहे : त्याने लिहिलेल्या कागदावर. आपल्या रॅगच्या प्रतींवर तो बजावून छापायचा की रॅगटाइम जलद वाजवणं कधीच बरोबर नाही. ज्याचं वादन टिकणार नव्हतं त्याने लय अशी लिहून ठेवली आणि नेमकी तीच आपण वाचत नाही.

माझी भाची पियानो शिकते. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमासाठी तिला मेपल लीफ दिलं आणि सांगितलं, जितकं जलद तितक्या टाळ्या. तिने वाजवलं, टाळ्या पडल्या, पण ती घरी येऊन म्हणाली, “मावशी, मला काहीच ऐकू आलं नाही.” मग आम्ही दोघी रविवारी बसलो. सूर आमच्या भाषेत काळी चार. लय निम्म्यावर आणली. पहिल्याच भागात दोन्ही हात खालून वर पायऱ्या चढत जातात, तिथे ती दर वेळी घसरत सुटायची. या खेपेला डाव्या हाताने सूर खाली ठेवला, उजव्याने तो तिथेच घेतला आणि एकेक पायरी वर नेला. वर पोचल्यावर ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि न सांगता पुन्हा खालून सुरुवात केली.