मंगळवारचा फोन

"अक्का, तू पाठवलेलं ऐकलं, पण श्वासाकडं बघायला लागलो की जास्तच जीव घाबरतोय." माझ्या आतेभावाचा हा निरोप आला तेव्हा सोलापुरात रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि इथे लीड्समध्ये मी संध्याकाळच्या पोळ्या लाटत होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचे आठ यंत्रमाग आहेत आणि तो मजुरीवर टेरी टॉवेल विणून देतो. छातीत धडधड होते, हातपाय गार पडतात, आता आपण मरणार असे वाटते, म्हणून दोन वर्षांत त्याने तीन वेळा ईसीजी काढला, एकदा टूडी इको केला आणि प्रत्येक वेळी 'हार्ट चांगलं आहे, गॅसेस असतील, टेन्शन घेऊ नका' एवढे ऐकून तो घरी परतला. मी त्याला पाठवले होते ते आठ आठवड्यांच्या ऑनलाइन सजगता-प्रशिक्षणातले, म्हणजे श्वासाकडे, शरीराकडे आणि विचारांकडे लक्ष द्यायला शिकवणाऱ्या 'माइंडफुलनेस'मधले, पहिले ध्वनिमुद्रण. याच प्रशिक्षणाने तीन वर्षांपूर्वी मला सावरले होते. त्याचा निरोप वाचल्यावर मात्र माझ्या लक्षात आले की मी त्याला प्रशिक्षणाचा निम्माच भाग पाठवला आहे.

उरलेल्या निम्म्या भागाविषयी लिहिण्याआधी घरी झालेला वाद सांगायला हवा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी मी सोलापुरात होते आणि एके दुपारी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर असताना, हाच विषय निघाला. निवृत्त शिक्षक असलेले माझे काका म्हणाले, "हे सगळं आपलंच आहे. गोऱ्यांनी नेलं आणि आपल्यालाच परत विकायलेत. इगतपुरीला विपश्यनेला जा, दहा दिवस बस, एक रुपया लागत नाही." कॉलेजात शिकणारी पुतणी म्हणाली की इगतपुरी कशाला, फोनवर ढीगभर ॲप आहेत, मराठीतही आहेत. आत्याचे म्हणणे असे पडले की कामात असलेल्या माणसाला हे असले आजार होत नाहीत. ते तिने आपल्या मुलाकडे न बघता सांगितले. तो दिवसाचे चौदा तास कामात असतो.

काकांचे म्हणणे इतिहास म्हणून बरोबर आहे. पाली भाषेतील 'सति' या शब्दासाठी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द रीस डेव्हिड्स या पाली अभ्यासकाने 1881 मध्ये वापरला, आणि जॉन कबॅट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यातील शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष देत जाण्याच्या सरावाचे विपश्यनेशी असलेले नाते कोणीही ओळखेल. पुढे सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघा मानसशास्त्रज्ञांनी त्याला विचारांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीची जोड दिली, आणि नैराश्याचे झटके पुन्हा पुन्हा येणाऱ्या रुग्णांसाठी इंग्लंडच्या आरोग्यव्यवस्थेत 2004 पासून त्याची अधिकृत शिफारस होत आली आहे. तेव्हा मूळ आपलेच, यात वाद नाही. परंतु ज्या माणसाला रात्री अडीच वाजता आपले हृदय बंद पडत आहे असे वाटते, त्याला मूळ कोणाचे याने काहीही फरक पडत नाही. शिवाय विपश्यना केंद्रेसुद्धा प्रवेश देण्यापूर्वी मानसिक आजाराविषयी विचारतात आणि गंभीर आजार असणाऱ्यांना शिबिरापासून दूर राहण्याचा सल्ला देतात. परंपरेला स्वतःच्या मर्यादा ठाऊक आहेत. अभिमानाने बोलणाऱ्यांना त्या ठाऊक नसतात, एवढेच.

आता माझ्याविषयी. धाकट्या मुलीच्या जन्मानंतर मला सतत काहीतरी वाईट घडणार असे वाटू लागले आणि त्यातून हळूहळू नैराश्य आले. चिंता आणि नैराश्य ही भावनिक विकारांची जोडी बहुधा अशी हातात हात घालूनच येते. इंग्लंडमध्ये 2008 पासून सरकारी बोलोपचारांची (बोलण्यातून केल्या जाणाऱ्या उपचारांची) एक सेवा आहे, जिच्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीचीही गरज नसते. आपणच अर्ज भरायचा. सौम्य ते मध्यम त्रास असेल तर प्रथम स्वमदतीचा कार्यक्रम मिळतो, आणि त्याने भागले नाही तर वरच्या पायरीवर प्रत्यक्ष उपचार. ऐकायला छान वाटते, पण माझ्या वाट्याला आधी अकरा आठवड्यांची प्रतीक्षा आली, आणि दोनदा ठरलेली वेळ न कळवता रद्द झाली. इथले सगळे सोन्याचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही.

सजगतेचा तो कार्यक्रम सुरू झाल्यावर मात्र दर मंगळवारी सकाळी साडेदहाला एका बाईंचा फोन येऊ लागला. उरलेला निम्मा भाग तो हाच. त्या डॉक्टर नव्हत्या, मानसोपचारतज्ज्ञही नव्हत्या. पदवीनंतर साधारण वर्षभराचे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या या सेवेचा कणा असतात, त्यांपैकी त्या एक. वीस-पंचवीस मिनिटे बोलायच्या. या आठवड्यात सराव किती दिवस झाला, कुठे अडला, झोप कशी आहे, एवढेच विचारायच्या. दर आठवड्याला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरावी लागे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, यावर शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. तिच्यातला नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयीचा आहे. चौथ्या आठवड्यात एका रात्री मी त्यावर शून्याऐवजी एकाची खूण केली आणि फोन बाजूला ठेवून झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी त्या बाईंचा फोन आला. तो मंगळवार नव्हता.

माझ्या पुतणीच्या ॲपमध्येही प्रश्नावली आहे. मी ती उघडून पाहिली. नवव्या प्रश्नावर खूण केल्यावर एका सुंदर तळ्याचे चित्र आणि 'तुम्ही एकटे नाही आहात' हे वाक्य आले.

संशोधनही याच दिशेला बोट दाखवते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत वारंवार नैराश्य येणाऱ्या 424 जणांपैकी काहींना नेहमीच्या गोळ्या आणि काहींना गोळ्या हळूहळू कमी करण्याच्या मदतीसह सजगतेचा गट-अभ्यासक्रम दिला गेला, तेव्हा दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. 2023 मधल्या दुसऱ्या चाचणीत 410 जणांना स्वमदतीची दोन वेगवेगळी पुस्तके देण्यात आली, आणि सजगतेच्या पुस्तकाने नैराश्य अधिक कमी झाले. परंतु त्या प्रत्येकाला कार्यकर्त्यांच्या सहा भेटींचा आधार होता, हे बातम्यांतून नेमके गळते. उलट ब्रिटनमधल्या शाळांत आठ हजारांवर मुलांना वर्गात सरसकट सजगता शिकवून पाहिली, तेव्हा 2022 मध्ये हाती आलेला निष्कर्ष असा होता की नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा त्याने काही अधिक साधले नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ज्याला दुखत नाही त्याच्यावर आणि ज्याची कोणी विचारपूस करत नाही त्याच्यावर ही विद्या फारशी चालत नाही, असे मला यावरून वाटते.

भाषेचा प्रश्न मला सोलापुरात प्रथमच नीट कळला. भावाला इंग्रजी ध्वनिमुद्रण पुरते समजेना, म्हणून मी मराठी ॲप शोधले, तर त्यात एक बाई म्हणत होत्या, "आपल्या श्वासाप्रती जागरूक व्हा, आणि स्वतःप्रती करुणामय व्हा." भाऊ हसला आणि म्हणाला, "अक्का, हे कीर्तन हाय का?" मग मी स्वतःच भाषांतराला बसले आणि पहिल्याच पानावर अडले. 'स्वतःशी दयाळूपणे वागा' हे वाक्य मराठीत कोणी कोणाला म्हणत नाही. आपली आई म्हणते, 'उगाच स्वतःला बोल लावून घेऊ नकोस.' 'विचार आला तर त्याची नोंद घ्या आणि त्याला जाऊ द्या' याचे मी केले, 'विचार येईल. येऊ दे. दारात उभा राहू दे, त्याला चहा विचारू नकोस.' ते त्याला पटकन कळले. त्याच्याकडचे तीन कामगार घरी तेलुगू बोलतात. त्यांच्यापैकी कोणाला असा त्रास झाला तर त्यांना माझ्या मराठीचाही काही उपयोग नाही.

श्वासाची अडचण मात्र भाषेची नव्हती. धडधडीचे झटके येणाऱ्यांपैकी काहींना श्वासाकडे लक्ष दिल्याने छाती अधिकच आवळल्यासारखी वाटते, ही जाणत्या प्रशिक्षकांना परिचित असलेली गोष्ट आहे, आणि अशा वेळी तळपायांकडे किंवा बाहेरच्या आवाजांकडे लक्ष वळवायला सांगतात. मंगळवारच्या बाईंनी मला हे दुसऱ्या आठवड्याच्या फोनवरच सांगितले असते. ध्वनिमुद्रणाला समोर कोण बसले आहे हे दिसत नाही. आम्ही मग मागाचा आवाज घेतला. आठ मागांच्या खडखडाटात एकाचा धागा तुटला तर भाऊ पाठमोरा असतानाही त्याला कळते, म्हणजे कान किती तयार आहे बघा! परंतु इथे एक सावधगिरी सांगायला हवी. विणकराचे काम हेच ध्यान, असे लिहिण्याचा मोह मला झाला होता आणि तो मी आवरला, कारण दिवसभर तुटणाऱ्या धाग्याची वाट पाहणारा कान सजग नसतो, धास्तावलेला असतो. तीच धास्ती तो रात्री अंथरुणात घेऊन जातो. त्याला शिकायचे होते ते माग बंद झाल्यावर कानाला सुट्टी देणे. त्यासाठी गच्चीवर वीस मिनिटे लागतात, आणि दोन खोल्यांत सहा माणसांच्या त्या घरात, पाणी येण्याच्या दिवशी तर रात्री अकराच्या आधी, ती मोकळी मिळत नाही.

मग सोलापूरसारख्या शहराने करावे काय? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांमध्ये उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के आढळले. ज्या बारा राज्यांत ते झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे चित्र वेगळे असेल असे मानायला मला कारण दिसत नाही. एवढी दरी मानसोपचारतज्ज्ञ वाढवून लवकर भरणार नाही, म्हणून ऑनलाइन स्वमदतीला नाक मुरडणे मला परवडण्यासारखे वाटत नाही. 14416 ही टेलि-मानसची सरकारी मदतवाहिनी ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, तिच्यावर मराठीत बोलता येते, आणि रात्री जीव घाबरला तर तो क्रमांक लावावा हे मी भावाच्या फोनच्या मागच्या बाजूला चिकटवून आले आहे. परंतु तिथे फोन आपण करायचा असतो. खचलेल्या माणसाला नेमके तेच जमत नाही. त्याला कोणीतरी फोन करावा लागतो.

असे फोन करणारी माणसे तयार करायला लीड्सला येण्याची गरज नाही. गोव्यात 'संगथ' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकींत बोलायला लावले आणि त्याचा उपयोग होतो हे रीतसर चाचणीने दाखवून दिले. ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून येऊनही बरीच वर्षे झाली. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विडीकाम करणाऱ्या बायकांपैकी किती जणींना तेलुगू आणि मराठी दोन्ही येते, आणि गल्लीतल्या कोणाच्या घरी काय चालले आहे हे किती जणींना ठाऊक असते! आशाताईंवर आणखी एक वही लादू नये; पण या बायकांमधून निवडून, शिकवून आणि महिन्याचा पगार देऊन एकेकीकडे तीस घरे दिली तर ध्वनिमुद्रणे फुकट आहेतच. अवघड भाग पगाराचा आहे आणि ॲपचे उद्घाटन करणाऱ्यांना तो आवडत नाही.

तूर्तास मंगळवारचा फोन मी करते. मला त्याचे प्रशिक्षण नाही, आणि बहीण असल्यामुळे तो मला खरे सांगतो की बरे वाटावे म्हणून सांगतो हे ओळखता येत नाही; म्हणून सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातही त्याला दाखवले आहे, तिथली गोळी चालू आहे. प्रश्नावलीत तो सोळावरून नऊवर आला. मागच्या महिन्यात मुलीला ताप होता म्हणून लागोपाठ दोन मंगळवार माझा फोन राहिला. त्या पंधरा दिवसांत तो गच्चीवर गेला नाही.