एचटीटीपीएससाठी नवा सर्व्हर घ्यायलाच लागतो म्हणे

परवापासनं एमआयडीसीतल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. सर्व्हरवर एचटीटीपीएस (ब्राउझर आणि सर्व्हरमधली माहिती वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी पाठवायची पद्धत) पाहिजे असेल तर सर्टिफिकेट (साइट खरी आहे हे सांगणारा डिजिटल दाखला) विकतच घ्यायचं, नवा सर्व्हर आणि नवी विंडोज घ्यायची, त्यानं सॉफ्टवेअर स्लो होणार, पण एकदा बसवलं की परत बघायला नको. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो, म्हणून लिहायला बसलो.

सर्टिफिकेट विकतच? नाही ओ. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था २०१५ पासनं फुकट देतेय आणि एन्क्रिप्शन, म्हणजे माहितीचं कुलूप, तेवढंच पक्कं. लागतं ते स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, कारण ऑफिसातल्या १९२.१६८ वाल्या आतल्या पत्त्याला असलं सर्टिफिकेट कुणीच देत नाही, पैसे मोजले तरी.

नवी विंडोज हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, म्हणूनच लोक फसतात. बघायचं एवढंच की सर्व्हर टीएलएस (एचटीटीपीएसमागची कुलूप लावायची पद्धत) १.२ बोलतो का, कारण १.० आणि १.१ हे २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाले आणि ब्राउझर आता ते घेत नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये १.२ आपोआप चालू असतं, २००८ आर२ मध्ये असतं पण बंद, रजिस्ट्रीतनं (विंडोजच्या आतल्या सेटिंगमधनं) चालू करायला लागतं. टीएलएस १.३ साठी सर्व्हर २०२२ लागतो हे खरं, पण १.२ वर धंदा अडत नाही. लिनक्स असेल तर ओपनएसएसएल (टीएलएसचं काम करणारं सॉफ्टवेअर) १.०.१ किंवा त्याच्या पुढचं आहे का बघा. आता २००८ आर२ ला २०२० पासनं नेहमीचे सिक्युरिटी अपडेट बंद आहेत, तो सरळ इंटरनेटवर ठेवूच नका, पण त्याचं कारण एचटीटीपीएस नाही. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर असंच जुनं, त्याला हातच लावता येईना, म्हणून पुढं एक साधं लिनक्स मशीन ठेवलं, त्यावर एनजिनएक्स (बाहेरून येणारी मागणी घेऊन मागच्या सर्व्हरला देणारं सॉफ्टवेअर), सर्टिफिकेट तिथंच, मागचं जुनं सॉफ्टवेअर होतं तसंच चाललंय.

स्लो होतं म्हणे. आजच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी (एन्क्रिप्शनच्या नेहमीच्या पद्धतीसाठी) वेगळ्या सूचनाच असतात, वीस-पंचवीस लोकांच्या ऑफिसात फरक कळतसुद्धा नाही. स्लो असेल तर आधी हार्डडिस्क बघा.

आणि परत बघायला नको, हे तर सगळ्यात डेंजर. फुकटचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, आणि मार्च २०२६ पासनं विकतचंपण जास्तीत जास्त २०० दिवसांचंच. सर्टबॉट (फुकटचं सर्टिफिकेट घेऊन बसवणारा प्रोग्रॅम) आपोआप रिन्यू करतो हे बरोबर, पण आमच्या राउटरवर कुणीतरी ८० नंबरचं पोर्ट (साध्या एचटीटीपीचं दार) बंद केलं, एचटीटीपीएसचं ४४३ चालू होतं म्हणून कुणाला कळलं नाही, सर्टिफिकेट रिन्यू झालंच नाही, आणि ऐन सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, अर्धा कारखाना होम मैदानावर, तेव्हा बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला ऑर्डरच्या पानावर लाल वॉर्निंग. सर्टबॉट त्याच ८० वर तपासणी करून घेतो ना! पोर्ट उघडलं, दोन मिनिटांत काम झालं, फोनवर बोलणी मात्र दुपारभर खाल्ली. तेव्हापासनं दर एक तारखेला ऑफिसच्या वायफायवरनं नाही, मोबाइलच्या नेटवरनं साइट उघडून एक्स्पायरीची तारीख बघतो.