मास्तर, धंदा आणि पोस्टाची पिवळी गाडी

आमच्या सांगलीच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तोच वाद. केंद्र सरकारचा तो 1 लाख कोटींचा संशोधन निधी, आरडीआय, त्याची बातमी कुणीतरी टाकली आणि आतेभावाने खाली लिहिलं, "मास्तरांनी शिकवावं, धंदा धंदेवाल्यांनी करावा, आमच्या टॅक्सच्या पैशातून प्रोफेसरांना कंपन्या कशाला काढून द्यायच्या?" त्यावर धडाधड अंगठे. आणि हाच माणूस एप्रिल 2025 मध्ये पियूष गोयल म्हणाले होते ना, की आपले स्टार्टअप डिलिव्हरी आणि फॅन्सी आइस्क्रीममध्ये अडकलेत, चीनकडे बघा, तेव्हा "एकदम करेक्ट बोलले" म्हणत ते फॉरवर्ड करत होता. अरे मग डीपटेक, म्हणजे लॅबमधल्या संशोधनातून निघालेलं तंत्रज्ञान, येणार कुठून, डीमार्टमधून?

मी जर्मनीत आखेनला राहतो. इथे पार्सल घेऊन येणारी पिवळी इलेक्ट्रिक गाडी, स्ट्रीटस्कूटर, इथल्याच विद्यापीठातल्या मास्तरांनी काढलेली. 2010 ला कंपनी, 2014 ला जर्मन पोस्टाने ती अख्खी विकत घेतली. त्यातल्याच एका प्राध्यापकांनी, ग्युंटर शू त्यांचं नाव, पुढे ई-गो नावाची छोट्या गाड्यांची कंपनी काढली, ती 2020 ला दिवाळखोरीत गेली. तरी कुणी त्यांना "बघा, सांगितलं होतं" म्हणून गावाबाहेर काढलं नाही. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. पोस्टाला स्ट्रीटस्कूटरमध्ये भरपूर तोटा झाला आणि शेवटी त्यांनी ती विकून टाकली, एवढं मात्र नाही लिहिलं. वाद घालताना सगळंच सांगायचं नसतं.

टॅक्सचं म्हणाल तर संशोधनावर तो आधीच खर्च झालेला असतो. सरकारी-खासगी सगळा मिळून संशोधनाचा खर्च आपल्याकडे जीडीपीच्या 0.64 टक्के, इकडे 3 च्या वर, पण जो होतो तो होतोच ना, मग त्यातून निघालेली वस्तू थिसीसच्या काळ्या बाइंडिंगमध्ये कपाटात गेली की पैसे वाचले का?

पण माझा खरा राग वेगळाच आहे. आरडीआयचे पैसे मिळणार टीआरएल 4, तंत्रज्ञानाच्या तयारीच्या चौथ्या पायरीपासून पुढे, म्हणजे लॅबमध्ये वस्तू चालून दाखवल्यावर, आणि तेही मुख्यतः कमी व्याजाचं लांब मुदतीचं कर्ज किंवा भांडवल. अनुदान नाहीच. त्याच्या आधी जो पोरगा पीएचडी संपवून, फेलोशिप बंद झालेली, घरचे विचारतायत नोकरीचं काय, असा बसलाय त्याचं काय? त्याच्यासाठी योजना नाहीत असं नाही. बायरॅक या केंद्राच्या बायोटेक संस्थेची बिग ग्रँट आहे, 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत. स्टार्टअपसाठी सरकारी सीड फंड 2021 ला आला. पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणारं व्हेंचर सेंटर 2007 पासून काम करतंय आणि चांगलं करतंय. पण माझ्या पुण्यातल्या एका मित्राला अशाच कुठल्यातरी योजनेतून पैसे मिळाले, पहिला हप्ता आला, दुसरा नऊ महिने युटिलायझेशन सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे पहिले पैसे कसे खर्चले त्या दाखल्यात, अडकला, का तर पंपाची तीन कोटेशन्स जोडली होती पण एकावर सही नव्हती. त्या नऊ महिन्यांत त्याच्या बायकोच्या पगारावर घर चाललं. पंप मिळत होता, खायचं कशातून ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

इथे विद्यापीठातून कंपनी काढू पाहणाऱ्यांसाठी सरकारची एक्झिस्ट नावाची शिष्यवृत्ती आहे. मी घेतली होती. डॉक्टरेट असेल तर महिन्याला 3,000 युरो, एक वर्ष, सामानाचे टीमला 30,000 वेगळे आणि 5,000 कोचिंगचे. विमा आपला आपण भरायचा, पण भाडं निघतं हो! पैसे पंपाला नाही, माणसाला. त्याच्या खात्यावर, दर महिन्याला. म्हणजे सरकारने सरळ गृहीत धरलंय की हा बुडू शकतो, आणि बुडाला तरी वर्षभर जेवलेला असला पाहिजे. मला हे प्रचंड आवडलं होतं आणि तेव्हापासून मी सुट्टीवर गेलो की प्रत्येकाला ते ऐकवतो, आई म्हणते आता पुरे कर, पोहे गार झाले.

आता पुढचं. पेटंट विद्यापीठाच्या नावावर होतं, 2002 नंतर इथे तसंच असतं, लायसन्सची बोलणी करण्यात वर्षातले दहा महिने गेले. मग कंपनी रजिस्टर करायला गेलो तर नोटारने (इथला नोटरी) 25,000 युरो भांडवलाच्या जीएमबीएचचा, म्हणजे इथल्या प्रायव्हेट लिमिटेडचा, सगळा करार पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला, नियमच आहे, मला सत्यनारायणाची पोथी आठवली, फक्त प्रसाद नव्हता. आमची वस्तू होती डेअरीच्या सांडपाण्यासाठी फिल्टर. कल्पना सांगलीची, लहानपणी नाक धरून ज्या नाल्यावरून जायचो तिथली. इथल्या डेअऱ्यांना त्याची गरजच नव्हती, त्यांचं पाणी आधीच स्वच्छ. दीड वर्षात कंपनी बंद. आता मी एका मोठ्या फर्ममध्ये आहे, 30 दिवस सुट्टी, रविवारी शांतता, रिकाम्या बाटल्या परत करायला शनिवारी रेवे सुपरमार्केटमध्ये रांग.

पंपवाल्या त्या मित्राने कंपनी बंद झाली तेव्हा विचारलं होतं, हाच फिल्टर घेऊन इकडे ये, माझ्या शेजारचं टेबल रिकामं आहे. मी म्हटलं होतं बघतो. तेव्हा जर्मनीत कायमचं राहण्याचा परवाना मिळायला आठ महिने राहिले होते. तो अजून पुण्यात आहे, हप्त्यांशी भांडत, पण त्याची वस्तू तीन ठिकाणी बसलीये. एक तर मिरजेजवळच. हेही मी ग्रुपवर लिहीत नाही.

आणि बुडण्याबद्दल मी एवढं ऐकवतो, पण बाबांना मी कधी सांगितलंच नाही. तेव्हा फोनवर "प्रोजेक्ट पूर्ण झालं" म्हणालो होतो. ते अजून विश्रामबागला चहाच्या टपरीवर सांगतात, मुलाची जर्मनीत कंपनी आहे.

काल रात्री आतेभावाने वादाच्या मध्येच लिहिलं, "बाकी जाऊ दे, तुझी कंपनी कशी चाललीये? मामांना विचारलं तर म्हणाले एकदम जोरात." सगळे ऑनलाइन होते, बाबासुद्धा. मी दोनदा काहीतरी टाइप केलं, खोडलं. मग खाली उभ्या असलेल्या पोस्टाच्या पिवळ्या गाडीचा फोटो काढला आणि टाकला.