क्रिस्टीन लिली ‘नुसती चिकटून राहिली’ का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेची फुटबॉलपटू क्रिस्टीन लिली हिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून तिला तिथेच दोन ओळींत उत्तर न देता स्वतंत्र लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लिली शिकत होती त्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा महिला फुटबॉल संघ तेव्हा इतका बलाढ्य होता की त्या संघातून कोणीही तिच्यासारखी चार वर्षांत चार राष्ट्रीय विद्यापीठ विजेतेपदं मिळवली असती. त्या संघातली खरी खेळाडू मिया हॅम, लिली तिच्या सावलीत वाढलेली. आणि ३५४ आंतरराष्ट्रीय सामन्यांचा विक्रम हा गुणवत्तेचा नव्हे, नुसतं चिकटून राहिल्याचा. शेवटी तुम्ही विचारलंत, अमेरिकेतल्या कॉलेजच्या सामन्यांवर मराठीत एवढं लिहायची गरजच काय?

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. ‘कॉलेजचा खेळ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खालची पायरी येते. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये ते खरंही आहे. तिथे गुणी पोरगा सतराव्या-अठराव्या वर्षी क्लबच्या करारावर सही करतो. पण १९८९ साली अमेरिकेत एखाद्या मुलीला सही करायला क्लबच नव्हता. महिलांची पहिली पूर्ण व्यावसायिक लीग तिथे २००१ मध्ये सुरू झाली. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ चा. त्याआधी होतं ते एवढंच: १९७२ मध्ये टायटल नाइन हा कायदा आला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना खेळात डावलणं अवघड झालं. मग विद्यापीठांनी मुलींचे संघ उभे केले, शिष्यवृत्त्या दिल्या. नॉर्थ कॅरोलायनाचा संघ १९७९ मधला, राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा १९८२ पासूनची. म्हणजे कनेटिकटमधल्या विल्टन गावात वाढलेल्या अठरा वर्षांच्या लिलीसाठी चॅपल हिलचं, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावचं, मैदान ही पहिली पायरी नव्हती. देशात उपलब्ध असलेलं सगळ्यात वरचं फुटबॉल तेच होतं. तिची कॉलेजची वर्षं बाजूला ठेवली तर अमेरिकेचा महिला फुटबॉल कसा घडला हेच कळणार नाही. २०२२ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. आपल्याकडच्या मुलींचा खेळ कुठून आणि कसा उभा राहणार हा प्रश्न ज्यांना त्या वेळी पडला, त्यांना हा इतिहास मराठीत वाचायला मिळायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

आता ‘कोणीही’ या तुमच्या शब्दाकडे येते.

संघ बलाढ्य होता, यात वादच नाही. लिलीच्या चार वर्षांत, १९८९ ते १९९२, नॉर्थ कॅरोलायना फक्त एकच सामना हरली. २२ सप्टेंबर १९९० रोजी कनेटिकट विद्यापीठाने त्यांना जादा वेळेत ३-२ असं हरवलं आणि १०३ सामन्यांची अपराजित मालिका संपली. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा तोच संघ आला, आणि या वेळी निकाल ६-० लागला. त्या स्पर्धेतली सर्वोत्तम आक्रमक खेळाडू लिली ठरली. आदल्या वर्षी, म्हणजे कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, हा मान तिनेच मिळवला होता. चार वर्षांत ७८ गोल आणि ४१ गोलांना साहाय्य. हे आकडे मधल्या फळीत खेळणाऱ्या मुलीचे आहेत, हे कृपया विसरू नका.

शिवाय ‘कोणीही’ त्या संघात टिकत नसे. प्रशिक्षक अँसन डोरन्स यांनी तिथल्याच बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्याकडून एक पद्धत उचलली होती. सरावातलं जवळजवळ सगळं मोजायचं. एकास एक खेळात कोण जिंकलं, धावण्यात कोण पुढे, नेमबाजीत किती गोल, हेडिंगमध्ये कोण सरस, सगळं कोणीतरी वहीत टिपून घ्यायचं आणि क्रमवारी सगळ्यांना दिसेल अशी लावायची. कल्पना करा, अठरा-वीस वर्षांच्या मुली, एकत्र राहणाऱ्या, एकत्र जेवणाऱ्या, आणि आपण आपल्या मैत्रिणीच्या वर आहोत की खाली हे रोज कागदावर दिसतंय. शिवाय त्या मैत्रिणींमधल्या काही राष्ट्रीय संघात खेळणाऱ्या. मला ही पद्धत थोडी निष्ठुर वाटते आणि प्रत्येक मुलीला ती मानवेल असं नाही. पण तिच्यामुळे एक झालं: शनिवार-रविवारचा प्रतिस्पर्धी कितीही दुबळा असला तरी मंगळवारच्या सरावाला समोर कोणी दुबळी नसे. लिली घडली ती या सरावात.

तुमच्या मुद्द्यातला एक भाग मला मान्य आहे. तेव्हाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये पहिला संघ आणि बाकीचे यांत दरी होती. १९९२ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने ड्यूक विद्यापीठाला ९-१ असं हरवलं. अंतिम सामन्याला हा काही स्कोअर नव्हे. नुसत्या विजेतेपदांवरून लिलीला मोठं ठरवलं तर तुमची शंका रास्तच ठरेल. म्हणूनच मी तिचं मोजमाप तिच्या कामावरून करते.

मिया हॅमबद्दल मला तुमच्याइतकंच प्रेम आहे. राष्ट्रीय संघासाठी १५८ गोल करणाऱ्या खेळाडूला कमी लेखायचं धाडस मी करणार नाही. पण ‘सावलीत वाढली’ हे तारखांशी जुळत नाही. दोघींनी राष्ट्रीय संघात पदार्पण केलं ते एकाच दिवशी, ३ ऑगस्ट १९८७ रोजी, चीनमधल्या तिआनजिन शहरात. लिली सोळा वर्षांची, हॅम पंधराची. दोघी चॅपल हिलला आल्या त्याही एकाच वर्षी. १९९१ च्या हंगामात हॅमने विश्वचषकासाठी कॉलेजच्या संघातून सुट्टी घेतली. त्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनाने एकही सामना गमावला नाही, आणि देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हर्मन ट्रॉफी गेली लिलीकडे. हॅमला ती पुढच्या दोन वर्षी मिळाली. सावलीतल्या माणसाच्या हाती अशी ट्रॉफी आधी येत नाही.

मुळात दोघींची कामंच वेगळी. डोरन्स यांचा संघ ३-४-३ (मागे तिघी, मधे चौघी, पुढे तिघी) अशी मांडणी करून खेळायचा. बचावफळीत तिघीच. प्रतिस्पर्ध्यांच्या विंगरने, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूने, चेंडू घेऊन कडेने मुसंडी मारली की मागे जागा उघडी. ती जागा भरायला कोणी धावायचं? कडेच्या मिडफिल्डरने. आणि चेंडू मिळाल्यावर आघाडीच्या तिघींना आधार द्यायला वर कोणी जायचं? तिनेच. म्हणजे संपूर्ण सामनाभर एका कॉर्नर फ्लॅगपासून दुसऱ्या कॉर्नर फ्लॅगपर्यंत ये-जा, आणि दोन्ही टोकांना पोचल्यावर डोकं शांत ठेवून नेमका निर्णय. चुकलात तर मागे गोल बसतो. बरोबर केलंत तर टाळ्या गोल करणारीला. स्कोअरकार्डवर या धावांना रकाना नाही. त्यामुळे हॅमची आठवण लोकांकडे राहते आणि लिलीची निवड होत राहते.

‘निवड’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला, कारण तुमचा सगळ्यात कडवट मुद्दा ‘चिकटून राहिली’ हा आहे आणि मला सगळ्यात जास्त लागला तोही तोच. राष्ट्रीय संघात कोणी स्वतःहून चिकटून राहू शकत नाही. दर वेळी कोणीतरी यादीत नाव लिहावं लागतं. लिलीचं नाव लिहिणारे राष्ट्रीय संघाचे वेगवेगळ्या काळातले प्रशिक्षक कोण होते? अँसन डोरन्स, टोनी डिचिको, एप्रिल हाइनरिक्स, ग्रेग रायन, पिया सुंधागे. यातल्या हाइनरिक्स तर १९९१ च्या विश्वविजेत्या संघाच्या कर्णधार, लिलीच्या सहकारी, त्यांना तिची प्रत्येक उणीव जवळून ठाऊक. प्रत्येकाचा फुटबॉल वेगळा, मांडणी वेगळी, आवडीनिवडी वेगळ्या. कोणाला तिच्याविना संघ करावासा वाटला नाही.

आणखी एक तारीख बघा. सर्वाधिक आंतरराष्ट्रीय सामन्यांचा आधीचा विक्रम नॉर्वेच्या हाइडी स्टोरचा, १५१ सामन्यांचा. लिलीने तो मे १९९८ मध्ये मोडला. तेव्हा तिचं वय २६. उतारवयात संख्या वाढवत बसलेल्या खेळाडूची ही गोष्ट नव्हे. जागतिक विक्रम नावावर घेऊन ती आणखी बारा वर्षं खेळली, दरम्यान आई झाली, आणि परत संघात आली. एकूण १३० गोल. २००७ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात तिने इंग्लंडविरुद्ध गोल केला तेव्हा ती ३६ वर्षांची होती. गाव तेच, तिआनजिन.

मधल्या काळात तिने काय केलं, हे माझ्या लेखात जरा घाईत आटोपलं गेलं होतं, म्हणून इथे सांगते. कॉलेज संपलं १९९२ मध्ये आणि देशात लीग नाही. ती १९९४ मध्ये स्वीडनला जाऊन तिरेसो क्लबकडून खेळली. १९९५ मध्ये वॉशिंग्टन वॉर्थॉग्ज या पुरुषांच्या इनडोअर संघात खेळली, त्या अख्ख्या लीगमध्ये एकटी बाई. २००१ मध्ये अखेर महिलांची लीग आली आणि ती बॉस्टनकडून खेळू लागली, तर २००३ मध्ये ती लीगच बंद पडली. खेळाची जागा पायाखालून पुन्हा पुन्हा काढून घेतली जात असताना जी खेळत राहते, तिला ‘चिकटून राहिली’ म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं.

आता १० जुलै १९९९. कॅलिफोर्नियातलं रोझ बाउल, ९०,१८५ प्रेक्षक, विश्वचषकाची अंतिम लढत, अमेरिका विरुद्ध चीन. या सामन्याचं एकच छायाचित्र लोकांना माहीत आहे: शेवटच्या पेनल्टीनंतर जर्सी काढून गुडघ्यांवर बसलेली ब्रँडी चॅस्टेन. पण पेनल्टीची वेळ आली कशी, ते पाहा. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत गोल्डन गोलचा नियम, म्हणजे जो पहिला गोल करील तो तिथल्या तिथे विश्वविजेता. शंभराव्या मिनिटाला चीनला कॉर्नर मिळतो. फॅन युन्जिएचं हेडर जोरकस आणि अचूक. गोलरक्षक ब्रायना स्करी चकलेली. चेंडू गोलरेषेवर पोचतो, आणि तिथे खांबाजवळ लिली उभी आहे. ती डोक्याने चेंडू बाहेर ढकलते.

तुम्ही याला नशीब म्हणाल. मी म्हणणार नाही. कॉर्नरच्या वेळी खांब धरून उभं राहणं हे कंटाळवाणं काम आहे. दहातल्या नऊ वेळा चेंडू तिकडे फिरकतही नाही. शंभर मिनिटं जुलैच्या उन्हात कड सांभाळून धावल्यावर पाय आपोआप दोन पावलं पुढे सरकतात. ती सरकली नाही.

पुढे शूटआऊटमध्ये स्करीने चीनच्या लिऊ यिंगची पेनल्टी अडवली, आणि लगेच अमेरिकेकडून पुढची, तिसरी पेनल्टी घ्यायला आली ती लिलीच. चुकली असती तर स्करीने मिळवून दिलेली संधी वाया गेली असती. तिने गोल केला, अमेरिकेला आघाडी मिळाली, ती शेवटपर्यंत टिकली, ५-४.

माझी एक विनंती आहे. या सामन्याचं पूर्ण चित्रण मिळवा आणि फक्त गोलांच्या झलकी न पाहता पहिला अर्धा तास चेंडूवरून नजर काढून अमेरिकेच्या डाव्या बाजूला ठेवा. तेरा क्रमांकाची जर्सी शोधा. ती किती वेळा मागे धावते, किती वेळा चेंडू न मिळताच परत वर जाते, ते पाहा. त्यानंतरही तुमचं मत तेच राहिलं तर जरूर पुन्हा लिहा. मी उत्तर देईन.