मी सरांना उंदीर म्हटलेलं नाही

काल मी आयुष्यातला पहिला लेखी खुलासा दिला. आवक क्रमांक पडला, शिक्का बसला, ऑफिसातल्या क्लार्कने तो पुन्हा एकदा मोठ्याने वाचून घेतला. विषय : वरिष्ठ सहकाऱ्यांस उंदीर संबोधल्याबाबत.

मी कुणालाही उंदीर संबोधलेलं नाही. कॅपिबारा हा उंदीर नव्हे. मी प्राणिशास्त्र शिकवते, एवढं मला कळतं.

नॅकला, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेला, दरवर्षी पाठवायचा अहवाल, म्हणजे एक्यूएआर, आमच्याकडे आजवर असा तयार व्हायचा : प्रत्येक विभागाने पेन ड्राइव्हवर वर्ड फाइल आणून द्यायची. नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटची'. मराठी विभागाची फाइल जुन्या फॉन्टमध्ये, माझ्याकडे उघडली की नुसती चिन्हांची रांगोळी. आणि मी रात्री जेवणं उरकून ही सगळी गोधडी शिवत बसायची. यंदा म्हटलं, पुरे. एकच गूगल शीट करते, सातही निकष त्यात, लिंक ग्रुपवर टाकते, ज्याने त्याने आपला रकाना भरायचा. एका वेळी 100 जण लिहू शकतात, आम्ही तर जेमतेम 30. प्राचार्य म्हणाले, "वा! मग ट्रेनिंग तुम्हीच द्या."

ट्रेनिंगला पहिला अर्धा तास पासवर्ड आठवण्यात गेला. एका मॅडमचा पासवर्ड त्यांच्या मुलाला माहीत होता आणि मुलगा पुण्याला. शेवटी कंटाळून मी लिंक सगळ्यांना खुली करून टाकली : लॉगिन नको, काही नको, उघडा आणि लिहा. इथेच चुकलं. कारण लॉगिन न करता शीट उघडली की गूगल तुम्हाला नावाऐवजी एक प्राणी देतं. वर कोपऱ्यात रंगीत गोल, त्यात प्राण्याचं चित्र, आणि त्यावर माउस नेला की 'ॲनॉनिमस' अमुकतमुक.

इतिहासाचे सर निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. ते मागून आले, प्रोजेक्टरच्या पडद्याकडे बघत उभे राहिले.

"मॅडम, हे वर काय?"

"आपण सगळे आहोत सर. आत्ता शीटमध्ये कोण कोण आहे ते दिसतं."

"मी कुठला?"

मी माउस नेला. "कॅपिबारा."

"म्हणजे काय?"

इथे कुणीही शहाण्या बाईने 'माहीत नाही' म्हटलं असतं. पण विषय आपला निघाला की जीभ थांबत नाही. "दक्षिण अमेरिकेतला प्राणी सर. जगातला सगळ्यात मोठा कृंतक. 50-60 किलोपर्यंत भरतो."

"कृंतक म्हणजे?"

"कुरतडणारे. म्हणजे खार, घूस..." मी तिथे थांबायला बघत होते.

"उंदीर?"

"त्याच गणातला. पण उंदीर नव्हे."

सगळी खोली गप्प. मला वाटलं, सावरावं. "अतिशय शांत प्राणी आहे सर. कुणाच्या अध्यात ना मध्यात. तासन्‌तास पाण्यात पडून असतो." सरांचा तिसऱ्या निकषातला, म्हणजे संशोधनाचा, रकाना गेली चार वर्षं कोरा आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मागून कुणीतरी हसलं.

"आणि हा चित्ता कोण?"

चित्ता होता तासिका तत्त्वावरचा, म्हणजे सीएचबीचा, पोरगा. जून-जुलैपासून येतोय, मानधन कधी निघेल ते देवालाच माहीत. तो जागेवरून अर्धवट उठून म्हणाला, "सर, मी नाही घेतला. आपोआप आला."

"सीएचबीला चित्ता," सर म्हणाले, "आणि एचओडीला घूस."

मी समजावलं की हे वाटप मी करत नाही, पुन्हा उघडलं की दुसरा प्राणी येईल. सरांनी बंद करून उघडलं. आली वटवट करणारी बदकाची मादी असावी असं चित्र. ते तडक प्राचार्यांकडे गेले.

तक्रारीची प्रत मला मिळाली, त्यात दुसरा मुद्दा जास्त लागला. 'सदर मॅडमनी यापूर्वीही, 2013 साली, स्टाफरूमच्या संगणकावरील कोल्हा काढून टाकला होता.'

त्याचं असं. नवीन लागले तेव्हा हौसेने मी स्टाफरूमच्या एकुलत्या एक संगणकावर आयगूगल लावून दिलं होतं. आपापलं मुखपृष्ठ आपण सजवायचं, अशी मूळ कल्पना. पण आमचं लॉगिन सगळ्यांचं मिळून एक, त्यामुळे ते वैयक्तिक पान 14 जणांचं. एकाला शेअरचे भाव वर हवे, एकीला राशिभविष्य, गणिताच्या सरांना हवामान, आणि सकाळी जो आधी येई तो बाकीच्यांचं खाली ढकलून देई. मागचं चित्र मात्र सगळ्यांना पसंत : चहाच्या घरात राहणारा एक कोल्हा. दिवस चढेल तसं चित्र बदलायचं. सर दुपारच्या सुट्टीत त्याला बघायला यायचे. मग 1 नोव्हेंबर 2013 ला गूगलने ती सेवाच बंद केली, जगभर. आमच्या स्टाफरूमपुरती ती मी बंद केली, असं अजून मानलं जातं.

आणि त्या ट्रेनिंगचं फळ? भूगोलाच्या सरांना सेव्हचं बटण सापडेना. आपोआप सेव्ह होतं, हे त्यांना पटलं नाही. त्यांनी मॉनिटरवर चिठ्ठी डकवली, 'बंद करू नये, आत माहिती आहे', आणि आमच्या शिपाईमामांनी तो संगणक तीन रात्री इमानाने चालू ठेवला. हिंदीच्या मॅडम प्राचार्यांचा कर्सर लुकलुकतोय तोवर लिहायला तयार नाहीत. "मोठी माणसं उठू देत, मग आपण." बाकीच्यांनी आपली माहिती कागदावर लिहून, फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवली. खाली हात जोडलेले. 'तुम्ही भरून टाका ना, तुम्हाला जमतं.' मला जमतं म्हणजे मी रात्री साडेअकराला जमवते, याचे कुठे पैसे मिळत नाहीत, आणि शिकवण्याची तयारी राहून जाते ती वेगळीच. खुलासा लिहायला मात्र मला स्वतःलाच बसावं लागलं. तो कुणी फोटो काढून पाठवला नाही.

आज सकाळी चहाच्या वेळी सर जवळ आले.

"मॅडम, राग मानू नका. त्या प्राण्यांत कोल्हा आहे का?"

"आहे सर."

"तो मला मिळेल असं काही करता येईल?"

"प्राणी आपल्या हातात नाही. पण लॉगिन केलंत, तर प्राणी जाऊन तुमचं नाव येईल."

सरांनी बिस्कीट चहात बुडवलं, विचार केला.

"नाव नको. नाव आलं की रकाना भरावा लागेल."