ल्यूथरने सैतान ठेवला, त्याच्यावरचे उतारे तेवढे काढून घेतले

धर्मसुधारणा म्हटलं की डोळ्यांसमोर शाळेच्या पुस्तकातलं चित्र येतं. जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथर पोपच्या चर्चविरुद्ध उभा राहिला, पापमुक्तीच्या पत्रांची दुकानदारी बंद पडली आणि युरोप विवेकाच्या वाटेला लागला. त्या चित्रात सैतान कुठे दिसत नाही. माझं मत असं की सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट, म्हणजे ल्यूथरसारख्या सुधारकांच्या बाजूच्या घरात तो पूर्वीपेक्षा जास्त वावरत होता.

जुन्या कॅथलिक माणसाजवळ सैतानाविरुद्ध भरपूर सामान असायचं: पवित्र पाणी, मंतरलेल्या मेणबत्त्या, संतांचे अवशेष, वादळात वाजवायच्या घंटा. आपल्याकडे भगताकडून अंगारा आणतात, तसंच. सुधारकांनी हे थोतांड ठरवलं. सैतानाला मात्र नाही! आता हातात उरली श्रद्धा, प्रार्थना आणि बायबलमधलं वचन.

वार्टबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथरने सैतानावर शाईची दौत फेकली म्हणतात. ती दंतकथा, भिंतीवरचा डाग मागाहून पुन्हा पुन्हा रंगवला जायचा. त्यापेक्षा जेवणाच्या टेबलावरच्या त्याच्या गप्पा वाचाव्यात, ऐकणाऱ्यांनी त्या टिपून ठेवल्यात. त्यातला सैतान रात्री झोपमोड करून हुज्जत घालतो, जुनी पापं उकरून काढतो. ल्यूथर कधी त्याला वचन ऐकवतो, तर कधी चक्क पादून हाकलतो. (हो, तेही नोंदवलेलं आहे.) शिंगं-शेपटीवाल्यापेक्षा मला हा जास्त भयंकर वाटतो. आपलंच मन बोलतंय की तो, हे ठरवायचं कसं?

जिनिव्हाचा सुधारक काल्व्हिन, त्याने तर पेच आणखी घट्ट केला. त्याच्या मते सैतानाचा लगाम देवाच्या हातात, परवानगीशिवाय तो काही करू शकत नाही. ऐकायला दिलासा, पण मग रात्री जे छळतंय तेही देवाच्या मर्जीनेच की!

लुथरन जर्मनीत पुढे प्रत्येक दुर्गुणाला स्वतंत्र सैतान मिळाला. दारूचा वेगळा, आणि 1555 मध्ये आंद्रेआस मुस्कुलुस या धर्मपंडिताने ढगळ विजारींच्या फॅशनवर तुटून पडत चक्क ‘विजारीचा सैतान’ छापला. हसू येतं, पण हीच नजर माणसांकडे वळली की रक्त निघतं. ल्यूथरला पोपमध्ये सैतान दिसला, तुर्कांत दिसला, आणि 1543 मध्ये ज्यूंविरुद्ध त्याने जे लिहिलं त्याचं समर्थन कुणी करू नये.

ल्यूथरने 1526 मध्ये बाप्तिस्म्याचा, म्हणजे तान्ह्या मुलाला पाण्याने ख्रिस्ती करून घेण्याचा विधी छोटा केला, तरी ‘अशुद्ध आत्म्या, निघून जा’ हे वाक्य राखलं. झ्युरिक आणि जिनिव्हाच्या, म्हणजे काल्व्हिनच्या बाजूच्या पंथाला तेही नको होतं. 1591 मध्ये सॅक्सनीचा सत्ताधीश ख्रिस्तियान पहिला याने ते वाक्य गाळायला लावलं, तेव्हा ड्रेस्डेनमधला एक खाटीक हातात सुरा घेऊन चर्चमध्ये गेला: माझ्या मुलीचा बाप्तिस्मा जुन्याच पद्धतीने झाला पाहिजे. त्याच वर्षी ख्रिस्तियान वारला, वाक्य परत आलं आणि ते गाळण्यामागे असलेला त्याचा चान्सलर, म्हणजे मुख्य मंत्री, क्रेल तुरुंगात गेला. 1601 मध्ये त्याचं डोकं उडवलं. त्याच्यावरचे आरोप राजकीय होते, पण लोकांच्या रागात त्या वाक्याचाही वाटा होता.

इतिहासकार त्या खाटकाला अडाणी म्हणोत, मला त्याची बाजू पटते. सैतान आहे, असं दर रविवारी व्यासपीठावरून सांगायचं आणि तान्ह्या पोरीला त्याच्यापासून सोडवणारं एकुलतं एक वाक्य तेवढं गाळायचं, हे कुठला बाप ऐकून घेईल?